मोठी मालमत्ता, मोडणारा संसार आणि मुलांचा ताबा: पहिल्या कागदापासून हुकूमनाम्यापर्यंत

फ्लॅट, जमिनी, घरची कंपनी, शेअर, सोनं आणि शाळेत जाणारी मुलं, एवढं सगळं एका संसारात असलं की घटस्फोट ही एकच केस राहत नाही. तो तीन-चार कामांचा गुंता होतो, आणि त्यातली चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. सगळे कागद हाती येण्याआधी नोटीस जाते. बँकेची हमी सुटण्याआधी राजीनामा दिला जातो. पैशांच्या बोलणीत मुलांची सुट्टी वाटाघाटीला लावली जाते. हा लेख हिंदू विवाह कायदा १९५५ आणि विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालेल्या, महाराष्ट्रातल्या जोडप्यांसाठी आहे. गोव्याचा वेगळा नियम ओघात येईल.

आधी एक गैरसमज काढून टाका

'लग्नानंतर कमावलेल्यातलं अर्धं बायकोचं' असा नियम आपल्याकडे नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची ती, हीच सुरुवात. दुसऱ्या जोडीदाराला मिळते ती पोटगी, राहण्याचा हक्क आणि स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूंवरचा दावा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ मालमत्तेबद्दल बोलतं, पण त्याचा आवाका लग्नाच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंपुरताच आहे.

गोवा याला अपवाद. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आजही चालते. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा असतो. मात्र हा नियम गोव्याच्या रहिवाशाला लागतो, गोव्यातल्या जमिनीला नाही. पुण्यातल्या जोडप्याने पणजीजवळ बंगला घेतला म्हणून तो आपोआप निम्मा होत नाही. उलट, लग्नाआधीचा करार गोव्यात चालतो म्हणून पुण्या-मुंबईतही चालेल असं धरून बसू नका. इथे तो फार तर पुरावा म्हणून वाचला जातो.

बायकोच्या नावावरचा फ्लॅट नवऱ्याने आपल्या ज्ञात उत्पन्नातून घेतला असेल, तर तो बेनामी कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घेण्याला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या, अपवादात बसतो. म्हणून पैसे कुठून गेले याचे बँक उतारे दोघांनीही जपून ठेवावेत. नवऱ्याला दावा करायला ते लागतात आणि बायकोला तो खोडायला.

पहिले तीन आठवडे: कागद गोळा करा

नोटीस पाठवण्याआधी हे काम संपलं पाहिजे. नोटीस गेली की घरातल्या फाइली हलतात आणि सीए फोन उचलेनासा होतो.

जमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढा. सातबारा आज कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, पण जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची हे कळतं ते फेरफारातून. शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळतो. त्या शोधात नवऱ्याच्या, बायकोच्या आणि सासू-सासऱ्यांच्या नावांची वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा, कारण एका अक्षराच्या फरकाने दस्त दिसत नाही. सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि नामनिर्देशनाची नोंदही घ्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे लक्षात असू द्या.

शेअर आणि म्युच्युअल फंडांसाठी डिपॉझिटरीचं एकत्रित खाते विवरण पुरतं. आयकराच्या विवरणपत्रातल्या दोन जागा बारकाईने वाचा. एक, परदेशी मालमत्तेचा तक्ता. दोन, मालमत्ता आणि देण्यांचा तक्ता. हा दुसरा तक्ता पूर्वी ५० लाखांवरच्या उत्पन्नाला भरावा लागे, २०२५-२६ या आकारणी वर्षापासून ती मर्यादा १ कोटी झाली. म्हणून जुनी विवरणपत्रं हातची सोडू नका. आज तक्ता कोरा दिसला तरी चार वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रात तीच जमीन, तेच दागिने स्वतःच्या सहीने लिहिलेले असू शकतात.

कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून ताळेबंद, वार्षिक विवरण आणि भागधारकांची यादी कोणालाही मिळते. हे चोरून करायचं काम नाही. जोडीदाराचा पासवर्ड वापरून त्याच्या मेलमध्ये मात्र शिरू नका. तो गुन्हा ठरू शकतो आणि तुमच्या चांगल्या केसला नाहक डाग लागतो.

दागिन्यांचं काम वेगळं आहे. लग्नातले फोटो, सराफाची पावती, लॉकरच्या भेटींची नोंद, हे तिन्ही जुळवून एक यादी करा: वस्तू, अंदाजे वजन, कोणी दिली, आता कुठे आहे. स्त्रीधनावर बाईचा पूर्ण हक्क असतो, सासरी ठेवलं तरी. १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते नवऱ्याकडे विश्वासाने ठेवलेलं असतं असं म्हटलं आहे. पण यादी नसेल तर 'पन्नास तोळे होते' हे वाक्य कोर्टात तोळाभरही वजनाचं राहत नाही.

मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र: सगळ्यात जड कागद

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निवाड्यानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. समोरच्याला उत्तरासह ते दाखल करायला जास्तीत जास्त चार आठवडे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लांबवण्यात मागणाऱ्याचं नुकसान आहे.

पैसेवाल्या घरात खोटं सहसा आकड्यात नसतं, ते जागेत असतं. उदाहरण बघा. संचालक म्हणून पगार महिना १,५०,००० दाखवला आहे. कंपनीच्या खात्यातून मात्र गाडीचा हप्ता ६२,०००, ड्रायव्हर २२,०००, क्लब आणि क्रेडिट कार्ड ८५,०००, घराची वीज आणि देखभाल ३१,००० जाते. हे झाले २,००,०००. राहणीमान साडेतीन लाखांचं, कागदावर दीड लाख. शिवाय नफा वाटला नाही, कंपनीतच ठेवला, तर तो पगारात येतच नाही. म्हणून बँक उताऱ्यासोबत कंपनीच्या ताळेबंदातलं संचालकाचं कर्जखातं, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार आणि शिल्लक नफा हे तीन आकडे मागायचे. समोरचा देत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली लेखी प्रश्नावली आणि कागद हजर करण्याचा अर्ज करता येतो. प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची कारवाई मागता येते.

हेच उलट बाजूनेही लागू आहे. चांगली नोकरी करणारी बायको स्वतःचं उत्पन्न लपवते आणि दोन महिन्यांनी तिच्या कंपनीची पगारपत्रकं कोर्टात येतात, तेव्हा तिच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. दोघांनीही पूर्ण लिहा. गुंतवणूक विसरली असेल तर दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र आपणहून द्या.

मालमत्ता हलू नये म्हणून

केस सुरू झाली की भावाच्या नावे बक्षीसपत्र, जुन्या मित्राचं अचानक उगवलेलं कर्ज, नव्याने केलेला कौटुंबिक ट्रस्ट, असे प्रकार दिसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाईहुकूम लवकर मागा, आणि ठरावीक मालमत्तेसाठी मागा. 'सर्व मालमत्ता विकू नये' असा मोघम अर्ज टिकत नाही. गट क्रमांक, फ्लॅट क्रमांक, खाते क्रमांक लिहा.

महाराष्ट्रात एक पायरी अनेकजण विसरतात. स्थावर मालमत्तेवर दावा चालू असताना ती विकत घेणाऱ्यावर निकाल बांधील ठरावा, यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केलेल्या दुरुस्तीतून हा नियम आला. नोटीस नोंदली नाही तर खरेदीदार 'मला माहीतच नव्हतं' म्हणून पुढे येतो आणि आणखी एक दावा मागे लागतो. नोंदवली की शोध अहवालात ती दिसते आणि बँक त्या फ्लॅटवर कर्ज द्यायला कचरते.

राहत्या घराचं वेगळं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि २०२० पासून हे घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

मोल ठरवताना

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, आकडा मुद्रांकासाठी असतो, तडजोडीसाठी मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा अहवाल घ्या. आणि प्रत्येक वस्तूचं कर्ज आणि कर वजा करून मोल धरा. ४ कोटींच्या फ्लॅटवर १ कोटी १० लाखांचं कर्ज असेल तर तो २ कोटी ९० लाखांचा फ्लॅट आहे. १ कोटीची मुदत ठेव आणि १ कोटीचे शेअर सारखे नाहीत. ते सूचिबद्ध शेअर पूर्वी २० लाखांना घेतले असतील तर ८० लाखांचा दीर्घकालीन नफा त्यांत दडला आहे. विकताना १.२५ लाख वगळून उरलेल्यावर १२.५ टक्के, म्हणजे जवळपास १० लाख कर, वर अधिभार आणि उपकर. जोडीदाराकडून बक्षीस आले तरी जुनी खरेदी किंमतच पुढे चालते, म्हणजे कर शेअर घेणाऱ्याच्या माथी येतो. 'अर्धे शेअर, अर्धी ठेव' असं वाटप बोलताना हा आकडा टेबलावर असलाच पाहिजे.

हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर बायको सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हिस्सेदार, नसते, तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. पण मुलगा आणि, २००५ पासून, मुलगी जन्मतः सहदायाद आहेत. अल्पवयीन मुलाची स्वतःच्या नावावरची स्थावर मालमत्ता पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मुलांच्या नावाचा हा हिस्सा आईबापांच्या सौद्यात मोजू नका.

शेतजमीन तडजोडीत द्यायची असेल तर तुकडेबंदी आधी तपासा. ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा नावावर होत नाही. आणि घेणारी व्यक्ती शेतकरी नसेल तर हुकूमनाम्यानंतरचं हस्तांतर अडकू शकतं.

कंपनीतून बाहेर पडणं

श्रीमंत घरांत सर्वात जास्त त्रास इथे होतो आणि सर्वात कमी लक्षही इथेच दिलं जातं. घरच्या कंपनीत बायको संचालक असते, कारण दोन नावं हवी होती. तिने बँकेच्या कागदांवर सह्या केलेल्या असतात. घटस्फोट झाला, ती राजीनामा देते, आणि चार वर्षांनी कंपनीचं कर्ज थकतं तेव्हा बँकेची नोटीस तिच्या नव्या पत्त्यावर येते. राजीनाम्याने संचालकपद सुटतं, वैयक्तिक हमी सुटत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बँकेकडून हमीदारांची यादी लेखी घ्या. मग कर्जाचं नूतनीकरण दुसऱ्या हमीदारावर करून 'हमीतून मुक्त' असं पत्र बँकेच्या लेटरहेडवर मिळवा. बँकेने तारण म्हणून तिचा फ्लॅट धरला असेल तर मूळ दस्त परत घ्या. त्यानंतर शेअरचं हस्तांतर, आणि शेवटी राजीनामा. तो कंपनी मंत्रालयाकडे डीआयआर-१२ नमुन्यात नोंदला गेला हे स्वतः तपासा. कंपनी नोंदवत नसेल तर संचालकाला स्वतःहून डीआयआर-११ भरता येतो. भागीदारी पेढी असेल तर निवृत्तीची जाहीर सूचना द्या, नाहीतर पुढच्या देण्यांतही नाव राहतं. बँक हमी सोडायला तयारच नसेल, तर तडजोडीत नवऱ्याकडून भरपाईची हमी आणि त्यासाठी एक वेगळी मालमत्ता तारण घ्या.

पैशांचं ठरवणं आणि संमतीचा मार्ग

परस्पर संमतीने जायचं तर एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. पहिली तारीख, म्हणजे दोघांचा एकत्र अर्ज, झाली की सहा महिन्यांची मुदत, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरी. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि पैसे-मुलं सगळं खरोखर मिटलं असेल, तर २०१७ पासून सहा महिने माफ करून घेता येतात. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. मोठ्या रकमेच्या तडजोडी इथेच घसरतात.

त्यामुळे सगळी रक्कम पहिल्या तारखेला देऊ नका आणि सगळी दुसऱ्या तारखेवरही ठेवू नका. साधारण चालणारी रीत अशी: थोडा भाग पहिल्या तारखेला, फ्लॅटचं बक्षीसपत्र मधल्या काळात, उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर. बक्षीसपत्र लग्न कायम असतानाच नोंदवण्याचं कारण पैशांचं आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये, स्थानिक अधिभार असला तर तो वेगळा. दुकान-ऑफिसच्या गाळ्याला ही सवलत नाही. हुकूमनाम्यानंतर दोघे नातेवाईक राहत नाहीत, मग मुद्रांक आणि आयकर दोन्ही बाजूंनी प्रश्न उभे राहतात. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी.

एकरकमी पोटगी ही भांडवली जमा असल्याने तिच्यावर आयकर लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच म्हटलं आहे. दरमहा पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्याला दोन्हीत वजावट नाही.

रक्कम किती? पगाराच्या २५ टक्क्यांचा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण तो एका पगारदाराच्या प्रकरणातला आहे, श्रीमंतांचा दर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात १२ कोटी दिले आणि त्याच निकालात सांगितलं की माजी पतीच्या आजच्या संपत्तीशी बरोबरी करणं हा पोटगीचा हेतू नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी आणि मुलासाठी वेगळे १ कोटी. कोर्ट पाहतं ते लग्नातलं राहणीमान, वय, शिक्षण, नोकरी सोडली का, मुलं कोणाकडे. आपली मागणी या मुद्द्यांवर मांडा, नवऱ्याच्या एकूण संपत्तीच्या टक्क्यावर नको.

बाईच्या अर्जावर महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि त्यातल्या मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ आहे. ही माफी १९९४ पासून आहे, तरी अनेकींना ती सांगितली जात नाही.

मुलं

ताबा पैशावर ठरत नाही. मोठा बंगला आणि परदेशी शाळा देऊ शकणाऱ्या बापाला तेवढ्यासाठी ताबा मिळत नाही, आणि कमी कमावते म्हणून आईकडून जात नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईकडे, त्यापुढे फक्त मुलाचं हित. अर्ज जिथे मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात होतो. म्हणून शाळेच्या मध्येच मुलाला दुसऱ्या शहरात हलवणं कोर्टाला खटकतं.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक मुलाशी आणि दोघांशी बोलतात, न्यायाधीश आपल्या दालनात मुलाला भेटू शकतात. त्याआधी मुलाला शिकवून पाठवू नका. नऊ वर्षांचं पोर 'पप्पांनी इन्कम लपवलं' असं म्हणालं की शब्द कोणाचे ते समोरच्याला लगेच कळतं.

भेटीचं कलम मोघम लिहू नका. 'दर रविवारी भेट' यावरून वर्षभर अर्ज चालतात. असं लिहा: 'पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. मुलाला आईच्या इमारतीच्या फाटकावर वडील स्वतः घेतील आणि तिथेच सोडतील. उशीर होणार असल्यास एक तास आधी मेसेज. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी, पहिला भाग सम वर्षी आईकडे. दिवाळीचे दिवस विषम वर्षी वडिलांकडे. बुधवारी रात्री ८ ला व्हिडिओ कॉल, २० मिनिटं.' गणपती घरी बसत असेल तर तेही लिहा. आजी-आजोबांच्या घरचा गणपती मुलाचा असतो.

परदेश प्रवास हा श्रीमंत घरांतला खरा कळीचा मुद्दा. मुलं पळवून नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. परदेशी कोर्टाचा आदेश इथे एक मुद्दा म्हणून पाहिला जातो, शेवटचा शब्द म्हणून नाही. म्हणून कलमात लिहा: पासपोर्ट कोणाकडे, प्रवासाच्या ३० दिवस आधी लेखी सूचना, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, आणि गरज वाटल्यास कोर्टात अनामत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी तिथल्या घटस्फोटावर विसंबून इथलं दुसरं लग्न करू नये. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानुसार, दोघे स्वेच्छेने त्या कोर्टापुढे गेले नसतील किंवा कारण इथल्या कायद्यातलं नसेल, तर तो हुकूम भारतात सहसा मानला जात नाही.

मुलांचा पैसा आईच्या पोटगीत मिसळू नका. शिक्षणासाठी वेगळी रक्कम, वेगळं खातं, शाळेला थेट भरणा. मुलगा १८ चा झाला की खर्च थांबतो असा वाद उभा राहतो, म्हणून 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, परदेशी शिक्षण असल्यास इतक्या रुपयांपर्यंत' असं वर्ष आणि आकड्यासह लिहा. नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा काढला असेल तर तो बायको-मुलांच्या विश्वस्त निधीसारखा असतो. तो यादीत वेगळा दाखवा.

हुकूमनामा आल्यावर

प्रमाणित प्रती किमान पाच काढा: सोसायटी, बँक, पासपोर्ट, कंपनी आणि स्वतःजवळ एक. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न नको. बँक खाती, डिमॅट, विमा आणि भविष्य निर्वाह निधीतली नामनिर्देशनं त्याच आठवड्यात बदला. जुनं मृत्युपत्र घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही, नवं करा आणि त्यात अल्पवयीन मुलाच्या हिश्श्यासाठी पालक आणि विश्वस्त नेमा. जोड लॉकर बंद करून वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर.